तेविसावा

केसांचा आकडा ओठांत धरलेला, त्याची काळी टोकं बाहेर आलेली, आणि त्याच्या आडून स्तामातिया काहीतरी पुटपुटत होती – चीज भरलेल्या पिटाबद्दलच बहुतेक, की आज पारी जाड लाटली गेली, की आतल्या कांद्याच्या पातीला पाणी सुटलं – पण पोलिक्सेनीला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता तो आकडा दिसत होता. तो किंचित हलत होता. बोलण्यामुळे हलत असेल. मग बोलणं थांबलं, तरी हलतच राहिला.

स्तामातियाने तो अंबाड्यात खोचला, उपसला, पुन्हा ओठांत धरला. ही बाई एरवी आरशासमोर उभी राहत नाही. लोकरीच्या गिरणीत एवढी वर्षं काढली, पहाटेच्या काळोखात उठून चाचपडतच अंबाडा घातला, त्यावर रुमाल बांधला आणि निघाली. आणि आज, वासिलो येणार म्हणून…

वासिलो. दुपारच्या गाडीने. पोलिक्सेनीने मनातल्या मनात ते नाव पुन्हा म्हणून पाहिलं. जन्म देणाऱ्या आईला नावाने ओळखायचं हे बरं नव्हे. पण दुसरं काय म्हणणार? ‘आई’ हा शब्द या घरात सत्तावीस वर्षं वापरात होता, आणि त्याची मालकीण समोर केसांशी झटापट करत होती. डोंगर ओलांडायला निघतानाच वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं, आजपासून हिला आई म्हणायचं. बावीस पोरांनी म्हटलं. पुढे त्यातल्या काहींच्या सख्ख्या आया आल्या, काही पोरं हंगेरीला गेली, काही ताश्कंदला, पण अजून नाताळात त्यांची कार्डं येतात ती ‘आई’ अशीच सुरू होतात. तिकडे ग्रीक गावात असताना वेगळा शब्द होता – आये. तो जिभेवर आणला की सहा वर्षांच्या पोरीचा आवाज निघेल अशी तिला भीती वाटत होती. तेहेतीस वर्षांची बाई, कताई खात्यात वीस जणींवर देखरेख करणारी, झ्देनेकची बायको, एका मुलीची आई… चेक मुलखातल्या या क्रनोवच्या स्टेशनवर उभी राहून ‘आये’ म्हणून हंबरडा फोडणार आहे का? आणि नाही फोडला तर? तिकडून एवढ्या लांबून आलेली बाई काय म्हणेल?

‘‘पोली, मागून बघ गं. सरळ आलाय?’’

‘‘सरळ आहे, आई.’’

‘‘तुझं काय सांगावं. तुला सगळंच सरळ दिसतं.’’

ती विचारत नाहीये, पोलिक्सेनीच्या मनात आलं. सकाळपासून एकदाही तिकडे राहिलेल्या मुलाचं, लांब्रोसचं नाव काढलेलं नाही. पीठ मळलं, पात चिरली, चीज कुस्करलं, पडदे काढून धुतलेले घातले… आणि ज्या एका गोष्टीसाठी ही बाई आज आरशासमोर उभी आहे, ती गोष्ट कुठेच नाही. खोलीत सगळीकडे तीच आहे आणि कुठेच नाही.

त्या दोघींची घरं एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे होती. वासिलोच्या नवऱ्याला – माझ्या बापाला – सरकारी लष्कराने शेतातून उचलून नेला आणि तो सरकारी गणवेशात मेला. स्तामातियाचा नवरा आपणहून डोंगरात गेला, बंडखोरांकडे, आणि त्याच हिवाळ्यात तोही मेला. कदाचित एकाच उतारावर, कदाचित एकमेकांवर नेम धरून, कोणी सांगावं. दोन्हीकडे एकाच आठवड्यात काळी वस्त्रं वाळत पडली, कारण काळा रंग एकाच कढईत उकळला होता. ती कढई मला आठवते. बाकी गाव धूसर झालंय, पण कढई आठवते, आणि दोघी दोन बाजूंनी काठी धरून कापड ढवळतायत…

मग मार्चमध्ये विमानं येऊ लागली. गाव तेव्हा डोंगरातल्यांच्या ताब्यात. खायला काही नाही, वरून बाँब. तीन ते चौदा वर्षांची पोरं सीमेपलीकडे न्यायचं ठरलं, सोबत तरुण बायका हव्यात. स्तामातिया विशीतली, दणकट, वाट माहीत असलेली. तिचा लांब्रोस आठ महिन्यांचा. अंगावरची मुलं न्यायची नाहीत, बर्फात टिकणार नाहीत, असा सक्त हुकूम. खळ्यावर सगळे जमलेले असताना वासिलो पुढे झाली आणि म्हणाली, ‘‘तू माझी ने. तुझा मी ठेवते.’’ एवढंच. शेजारणीला भांडं द्यावं तसं. पोलिक्सेनीचा हात एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि ती चादरीतली गाठोडी उलट दिशेने.

भांडं! किती वर्षं हा शब्द तिला टोचत राहिला. शाळेत, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा, झ्देनेकशी लग्न करताना – मी दिली गेलेली आहे. उसनी. आणि ज्याच्या बदल्यात दिली गेले तो मात्र…

तो मात्र हरवला. शरद ऋतूत लष्कर गावात शिरलं. पुढे गावचा एकजण इकडे आला, त्याने सांगितलेलं. ठाण्यात वासिलोसमोर कागद ठेवला होता: हे पोर तुझं नाही, डोंगरातल्या दरोडेखोराचं आहे, असं लिहून दे आणि घरी जा, तू शिपायाची विधवा, तुला पेन्शन मिळेल. वासिलो म्हणाली, पोर माझं आहे. सगळ्या गावाला माहीत होतं की ते तिचं नाही. ठाणेदारालाही माहीत होतं. तरी ती तेच म्हणत राहिली. पोर तिच्या हातांतून ओढून सरकारी अनाथाश्रमात पाठवलं आणि तिला तीन वर्षं बेटावर, तुरुंगात. ही हकीकत ऐकली तेव्हा पोलिक्सेनी सोळा वर्षांची होती, आणि तिला वाटलं होतं – आता लाज वाटते, पण वाटलं होतं – माझ्यासाठी नाही गेली कधी तुरुंगात. त्याच्यासाठी गेली.

आणि इकडे, इथल्या बालगृहात, पहिल्याच दिवशी उवांसाठी सगळ्यांचे केस काढायचे होते. पांढऱ्या डगल्यातली माणसं, हातात यंत्रं, न कळणारी भाषा. पोरं भिंतीला चिकटून किंचाळत होती. गावात फक्त मेंढ्यांना तसं करतात. स्तामातियाची वेणी कमरेखाली यायची. ती सरळ जाऊन पहिल्या खुर्चीवर बसली, दुभाष्याला म्हणाली, आधी माझी काढा. तिला उवा नव्हत्या. वेणी फरशीवर पडली, आणि त्या गोटा केलेल्या डोक्याने तिने आमच्याकडे वळून डोळे तिरळे केले. बावीस पोरं हसली. मग एकेक करून रांगेत… मीच दुसरी होते.

गाडी उशिरा आली. फलाटावर गार वारा होता, कोळशाचा वास होता. पोलिक्सेनी पुढे उभी राहिली, स्तामातिया चार पावलं मागे, मुद्दाम. ‘‘तू पुढे हो,’’ ती म्हणाली होती, ‘‘तिला आधी तू दिसली पाहिजेस.’’ डब्याच्या दारातून आधी तेलाचा चौकोनी डबा आला, मग एक गाठोडं, मग काळा घागरा सावरत एक बुटकी बाई – इतकी बुटकी? – आणि ती खाली उतरून, डोळे बारीक करून, सरळ चालत आली. पोलिक्सेनीने हात पुढे केले. बाई त्या हातांना वळसा घालून पुढे गेली. कोणी परकी वाटेत उभी असावी तशी. स्तामातियासमोर जाऊन थांबली.

‘‘म्हातारी झालीस गं.’’

‘‘तू बघितलंस का आरशात हल्ली?’’

‘‘आरसा कुठला? होता तो तुमच्या लोकांनी नेला.’’

‘‘आरसा तुमच्या लोकांनी नेला. आमचे कोंबड्या न्यायचे.’’

आणि दोघी हसायला लागल्या. तोंडावर हात न घेता, फलाटावर, मोठ्याने. हमाल वळून बघायला लागले. हसता हसता वासिलोने स्तामातियाचं डोकं दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं आणि कपाळाला कपाळ टेकवलं, आणि तशाच राहिल्या. पोलिक्सेनी हात पुढे करून उभीच होती. आश्चर्य म्हणजे तिला दुखलं नाही. दुखेल असं वाटत होतं, त्या जागी दाबून पाहिलं तरी… सुटल्यासारखंच वाटलं. मला ओळखायची परीक्षा टळली, किंवा तिची.

‘‘ही?’’ वासिलो अखेर वळली. खालून वर पाहिलं. मनगट हातात घेऊन वजन करावं तसं हलवलं. ‘‘नाक बापाचं घेतलंस. बिचारी. जेवतेस का नीट?’’

‘‘जेवते,’’ पोलिक्सेनी म्हणाली. आपले ग्रीक उच्चार एकदम चेक लोकांसारखे निघाल्याचं तिला कळलं. वासिलोलाही कळलं, मनगटावरची पकड घट्ट झाली.

घरी आल्यावर वासिलोने तेलाचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. ‘‘सीमेवरच्या शिपायाने त्यात सळई घालून बघितली. म्हटलं, अरे पोरा, तेलात लपून येण्याएवढी मी बारीक आहे का? त्याला कळलं नाही, पण हसला.’’ मग भिंतीवरचा फोटो बघत उभी राहिली. झ्देनेक, पोलिक्सेनी आणि मधे दात पडलेली पोर. पोर आज तिच्या दुसऱ्या आजीकडे होती. पोलिक्सेनीने तसं ठरवूनच पाठवली होती, आणि आता त्याचं कारण तिला नीट सांगता आलं नसतं.

‘‘नाव काय ठेवलंत?’’

पत्रांत ‘मुलगी’ एवढंच लिहिलं होतं. आठ वर्षं. ‘मुलगी मोठी होतेय, मुलगी शाळेत जाते.’ पोलिक्सेनीने ओट्याकडे पाहिलं. स्तामातिया पाठमोरी, पिटाचे तुकडे कापत होती, आणि सुरी थांबली होती.

‘‘स्तामातिया,’’ पोलिक्सेनी म्हणाली.

वासिलो फोटोकडेच बघत राहिली. खिडकीबाहेर गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, रस्त्यावर सायकलींच्या घंट्या वाजायला लागल्या. ‘‘बरं केलंस,’’ ती म्हणाली. ‘‘वासिलो काय नाव आहे. शेळीला हाक मारल्यासारखं.’’ आणि रुमालाच्या टोकाने फोटोच्या काचेवरची धूळ पुसली. धूळ नव्हती, सकाळीच पुसली होती. पोलिक्सेनीला त्या पुसणाऱ्या हाताकडे बघवेना. ही बाई किती सहज गिळते – अख्खं, न चावता, समोरच्याला ठसका लागू नये म्हणून.

पिटा आली. वासिलोने खाल्ली, पारी जाड असल्याचं सांगितलं. स्तामातियाने मान्य केलं. गावात कोण मेलं, कोण ऑस्ट्रेलियाला गेलं, विहिरीवर पंप बसला, देवळाची घंटा चोरीला गेली. स्तामातिया वाढत होती, बसत नव्हती. मीठ आणायला उठली, पाणी आणायला उठली, आधीच भरलेला जग पुन्हा भरला. विचार ना, पोलिक्सेनी मनात ओरडत होती, विचार ना गं, किती वेळ…

‘‘स्तामातिया, बस.’’

‘‘बसते. अजून एक तुकडा –’’

‘‘तुकडा राहू दे. बस.’’

ती बसली. दोन्ही हात टेबलावरच्या मेणकापडावर पालथे ठेवले.

‘‘त्याला मी बघितलंय,’’ वासिलो म्हणाली. ‘‘जिवंत आहे. वोलोसला असतो, बंदराजवळ. मोटारी दुरुस्त करतो, स्वतःचं दुकान आहे. बायको चांगली आहे, दोन मुलगे. आश्रमातून एका घराने नेला, त्यांनी नाव बदललं. आरिस्तिदिस म्हणतात.’’

‘‘आरिस्तिदिस,’’ स्तामातिया म्हणाली. पारीचा तुकडा चावून बघावा तसं.

‘‘आश्रमातल्या एका जुन्या स्वयंपाकिणीने सांगितलं म्हणून सापडला. पहिल्यांदा गेले त्याला दहा वर्षं झाली. तुला लिहिलं नाही. कसं लिहिणार? पत्र आधी ठाण्यात उघडायचे. मग सरकार उलथून कर्नल लोकांचं राज्य आलं. तुझं नाव त्याच्या नावाला चिकटलं असतं तर दुकान गेलं असतं, पोरांची शाळा गेली असती. म्हणून गप्प बसले. शिव्या घालायच्या तर घाल.’’

‘‘पुढे सांग.’’

‘‘पहिल्यांदा हाकलून दिलं. दुसऱ्यांदा शटर ओढून घेतलं. तिसऱ्यांदा मी शटरसमोरच बसले, तर बायकोने आतून स्टूल आणून दिलं. यंदा पासपोर्ट हातात पडला, तशी गेले. म्हटलं, तिला भेटायला चाललेय, काही सांगायचंय? गाडीखाली झोपून काम करत होता, तसाच राहिला. नुसते पाय बाहेर. बराच वेळ खाटखुट करत होता. मग म्हणाला –’’ वासिलो थांबली. पाणी प्यायली. ‘‘जसं म्हणाला तसं सांगते, स्तामातिया. त्यात साखर घालणार नाही. म्हणाला, ‘किती पोरं नेली तिने?’ म्हटलं, बावीस. म्हणाला, ‘बावीस नेली. तेविसावा जड झाला का?’’’

तेलाच्या डब्यावर ऊन पडलं होतं, त्याचा एक पिवळा तुकडा छताला चिकटला होता. पोलिक्सेनीला राग आला – कोण हा, गाडीखाली झोपून बोलणारा, याला काय माहीत ती वेणी, ती रात्र, ती… आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी, उलटं – त्याला माहीत नाही कारण ते सगळं मला मिळालं. आणि वासिलोने ज्याच्यासाठी तुरुंग पत्करला तो हा. आम्ही दोघं एकमेकांच्या जागी जेवत राहिलो…

‘‘पाय कसले आहेत?’’ स्तामातियाने विचारलं.

‘‘काय?’’

‘‘पाय दिसले म्हणालीस ना. कसले आहेत?’’

वासिलोने डोळे मिटून आठवलं. ‘‘मोठे. बूट तेलकट. डावा जरा आत वळतो.’’

‘‘बापाचा,’’ स्तामातिया म्हणाली. मेणकापडावरचे हात उलटे झाले, तळवे वर. त्यांच्याकडे ती बघत राहिली. ‘‘डावा. मी तेल लावून ओढायची रोज. म्हटलं होतं, चालायला लागला की सरळ होईल.’’

‘‘मी पण ओढायचे,’’ वासिलो म्हणाली. ‘‘होतं तोवर.’’

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘तुझं पोर राखता नाही आलं गं मला. तू माझं राखलंस.’’

‘‘तुझं राखण्यात काय मोठंसं. रात्रभर भोकाड पसरायची. काळोखात हरवायची सोयच नव्हती.’’ स्तामातियाने नाक ओढलं. हसली की काय ते कळलं नाही. ‘‘बरोबर विचारलं त्याने. विचारायलाच पाहिजे. मी त्याच्या जागी असते तर गाडीखालून उठून आले असते आणि हातातलं हत्यार फेकून मारलं असतं.’’

‘‘उत्तर काय देऊ? परत जाताना वोलोसवरून जाणार आहे.’’

स्तामातियाने उठून खिडकी उघडली.

रात्रभर भोकाड पसरायची… पोलिक्सेनीला ती रात्र आठवत होती. नेहमीच आठवत आलेली होती, तीच तेवढी एक. डोंगरावरचा मेंढ्यांचा पडका गोठा, बाहेर बर्फ, सगळी पोरं एका दोरीला बांधलेली, आणि ती स्तामातियाच्या मांडीवर, गाल तिच्या छातीवर टेकलेला. पोलक्याचा पुढचा भाग लाकडासारखा टणक होता. गोठलेला. गालाला टोचत होता. बर्फ पडून गोठलंय, असं तिने तेव्हा ठरवलं होतं आणि सत्तावीस वर्षं तसंच ठेवलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं: इतका बर्फ होता, बघ, आईचं पोलकं फळीसारखं झालं होतं.

पण ती शाल पांघरून होती. जाड, मेंढीच्या लोकरीची. शालीच्या आत बर्फ कुठून जाणार?

आणि एक वास होता, आंबूस… पोलिक्सेनीने खुर्चीची पाठ धरली. स्वतःच्या बाळंतपणानंतर गिरणीत परत गेली तेव्हाचे पहिले दिवस तिच्या अंगावर आले – यंत्रासमोर उभी असताना कुठेतरी कोणाचं तरी मूल रडायचं, आणि डगला समोरून ओला, दोन गोल डाग, दुपारपर्यंत कडक वाळलेले, आणि तोच वास. त्या रात्री गोठ्यात रडणारी पोरं कमी नव्हती. बर्फ नव्हता तो. जे पोर मागे, भिंतीपलीकडे, भुकेने जागं असेल त्याच्यासाठी येत होतं ते दूध, थांबत नव्हतं, आणि वाहून तिच्या अंगावरच गोठत होतं. आणि ती चालत होती, दोरी ओढत होती, गाणी म्हणत होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. ना तेव्हा, ना माझ्या बाळंतपणात माझे डगले धुताना… तेव्हा तर ती माझे डगले धूत होती! गरम पाण्यात बुडवून, डागांवर अंगठा चोळत, काही न बोलता.

खिडकीशी दोघी उभ्या होत्या. वासिलो रस्त्यावरच्या सायकली बघून काहीतरी म्हणाली, स्तामातियाने उत्तर दिलं, पातीला मीठ आधी लावायचं की नंतर यावर त्यांचं वाजलं, आणि वासिलोने बोलता बोलता तिच्या खांद्यावरचा पिठाचा डाग झटकला. या दोघी… पोलिक्सेनीला एरवी त्यांच्यामधे उभी असलेली स्वतःच दिसायची, हातातून हातात जाणारी. आत्ता त्या दोघीच दिसल्या. त्यांच्यामधे कुणी नव्हतं, आणि त्यांना ते चालत होतं.

वोलोस किती लांब असेल? दोन दिवस, तीन? आपल्याला व्हिसा देतील का? न दिला तर वासिलोबरोबर काय सांगून पाठवायचं? आई उत्तर देणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. ती स्वतःची बाजू कधी मांडायची नाही, तिला ते येतच नाही. पण मी त्या शालीच्या आत होते. मी सांगू शकते. त्या दुकानात जाऊन, त्याच्याशेजारी जमिनीवर आडवं होऊन, तोंडं एका पातळीला आली की सांगायचं – काय? की तुझं जे होतं ते तिच्या अंगावर गोठलं, मी त्यावर गाल ठेवून झोपले? तो म्हणेल, बरं, मग? आणि बरोबरच म्हणेल…

सगळंच गोठलं का पण? शालीच्या आत काळोखात चुटचुट आवाज येत होता, लहान पोरं होती, तीन-तीन वर्षांची, कोणी कोणी पीत असेल… वास आठवतो, हे ठीक. वास नाकाला येतो. पण आत्ता, खुर्चीची पाठ धरून उभी असताना, तिच्या जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी कोमट, पाणचट, गोडूस असं जमत होतं. पिटाची चव नव्हती ती, तेलाची नव्हती, या घरातल्या कशाचीच नव्हती, आणि ते गिळावं की तसंच तोंडात धरून ठेवावं, हे पोलिक्सेनीला कळेना.